तपासणाऱ्याला कोण तपासणार?

हजारो सर्व्हर एकत्र राबत असले की त्यांतला एखादा कधी ना कधी बिघडणारच. त्यांच्यावर देखरेखीला एकच संगणक नेमला आणि तोच बंद पडला, तर सगळा कारभार आंधळा. त्यापेक्षा संगणकांनीच एकमेकांना तपासावं. पण मेख अशी, की बिघडलेला संगणक दुसऱ्याबद्दल वाटेल ते सांगू शकतो.

१९६७ मध्ये प्रेपराटा, मेट्झ आणि चिएन यांनी हे कोडं गणितात मांडलं. समजा, 'क' तपासतो 'ख'ला, 'ख' तपासतो 'ग'ला आणि 'ग' तपासतो 'क'ला. बिघाड फार तर एकात आहे. 'क'चा अहवाल: 'ख' बिघडलाय. 'ग'चा अहवाल: 'क' ठणठणीत आहे. 'क' खरा असेल तर 'ख' दोषी, खोटा असेल तर 'क'च दोषी. म्हणजे 'ग' सुटला. मग त्याचा शब्द प्रमाण: 'क' चांगला, दोषी 'ख'च. खुद्द 'ख' काय म्हणतो, याने काही फरक पडत नाही. दोन बिघडू शकत असतील तर मात्र किमान पाच संगणक हवेत, तीनसाठी सात.

पण हे अहवाल गोळा करून निवाडा करणार कोण? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठात बियांकिनी आणि बस्केन्स यांनी ते कामही वाटून टाकलं. प्रत्येक संगणक पुढच्याला तपासतो. तो बिघडलेला निघाला तर त्याच्या पुढच्याला. चांगला भेटला की थांबतो आणि त्याच्याकडची माहिती उतरवून घेतो. चाचण्या कमी लागतात, पण बातमी एकेक घर मागे सरकते. हजारभर संगणकांत ती सर्वांपर्यंत पोचायला हजारभर फेऱ्या लागू शकतात. १९९८ मध्ये दुआर्ते आणि नान्या यांनी संगणकांचे गट पाडून १०२४ संगणकांसाठी हा आकडा जास्तीत जास्त १०० वर आणला.

उरतो तो सर्वांत चिवट प्रश्न: उत्तर न देणारा संगणक बंद पडलाय, की नेटवर्क तुंबलंय? २००२ मधली 'स्विम' पद्धत लगेच निकाल देत नाही. आधी इतर काही संगणकांना त्याच्याकडे चौकशी करायला लावते, तरीही उत्तर नाही आलं तर त्याला 'संशयित' ठरवते आणि खुलाशाला मुदत देते. मुदत कमी ठेवली तर चांगला संगणक हकनाक बाद होतो, वाढवली तर बिघडलेल्याकडे कामं जात राहतात. ती किती ठेवायची, हे शेवटी यंत्रणा चालवणाऱ्यालाच ठरवावं लागतं.