खजिन्याचा डबा आणि हातातले यंत्र

कोणी एक माणूस रानात डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगजाहीर करतो आणि ओळखदेख नसलेले लोक तो डबा हुडकायला निघतात. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. या खेळाचे नाव जिओकॅशिंग. यातला ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे बरं का. लपवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ. आता तुमच्यापैकी कोणी परदेशी मुलाबाळांकडे जाणार असेल आणि नातवंडांसह हा खेळ खेळावा असे मनात असेल, तर पहिला प्रश्न येतो तो यंत्राचा. कोणते घ्यावे? किती भारी घ्यावे?

त्याआधी यंत्र करते काय, ते पाहू. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अचूक वेळ सांगणारे संदेश सतत पाठवत असतात. आपले यंत्र ते नुसते ऐकते. संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळवली की आपली जागा निघते. हे संदेश फार क्षीण असतात. दाट झाडी, कडे, उंच इमारती आड आल्या की यंत्राचा गोंधळ होतो.

पूर्वी अमेरिकन सरकार नागरी वापरासाठीच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. २००० सालच्या मे महिन्यारंभी ती चूक काढून टाकण्यात आली, आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या रानात एक प्लास्टिकची बादली ठेवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. तीन दिवसांच्या आत ती सापडलीसुद्धा! हा फरक आपल्या हिशेबात मांडून पाहा. शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळजवळ पावणेआठ एकर रान. पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे एका गुंठ्याहूनही कमी. पावणेआठ एकरांत डबा कोण शोधणार? गुंठाभर जागा मात्र मूलही धुंडाळील.

पण तेवढी जागा धुंडाळावी लागतेच, हे विसरू नका. उघड्या आकाशाखालीसुद्धा यंत्र काही मीटर चुकते. डबा ठेवणाऱ्याचे यंत्रही तेवढेच चुकलेले असते. म्हणून दामदुप्पट किंमत दिली तरी यंत्र तुमचा हात धरून डब्यावर नेऊन ठेवणार नाही. शेवटची दहा पावले डोळ्यांचीच. ओंडक्याखाली, दगडाच्या फटीत, कुंपणाच्या खांबामागे तुम्हालाच पाहावे लागेल.

मग पैसे कशासाठी मोजायचे? खरे म्हणजे शहरातल्या बागेत तुमच्या खिशातला फोन पुरेसा आहे. पहिले पाच-दहा डबे फोनवरच शोधा आणि गोडी लागते का पाहा. रानात, पावसात, थंडीत दिवसभर हिंडायचे ठरले, की मग वेगळे यंत्र घ्या. ते घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली, सेल. पेन्सिल सेलवर, म्हणजे ए-ए मापाच्या सेलवर, चालणारे यंत्र नवख्याला सोयीचे. संपले की दुसरे घातले, काम झाले. दुसरी, पडदा आणि बटणे. भर उन्हात आकडे दिसतात का, हातमोजे घालून बटणे दाबता येतात का, हे स्वतः पाहा. तिसरी, होकायंत्र. ते आत नसेल तर यंत्रावरचा बाण तुम्ही चालत असतानाच खरी दिशा दाखवतो. थांबलात की भरकटतो. डब्याजवळ तर आपण थांबूनच पाहतो, तेव्हा हे असलेले बरे. चौथी, पाण्यापासून बचाव. ‘आयपीएक्स ७’ अशी खूण असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास पडले तरी चालते. रंगीत नकाशे, मोठा पडदा, गाणी, छायाचित्रे हे सारे नंतरचे.

आकडे घालतानाही सांभाळा. अल्मर यांच्या बादलीचा अक्षांश होता ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर. या खेळात मिनिटांपुढे दशांश लिहितात. तोच आकडा कोणी १७ मिनिटे ४६ सेकंद असा वाचला, तर तो साडेपाचशे मीटरांहून अधिक दूर जाऊन पोचेल, आणि दोष मात्र यंत्राला देईल!

एक सावधगिरी आपल्या देशापुरती. काही यंत्रे उपग्रहांमार्फत संदेश पाठवतातही. अशी यंत्रे भारतात परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे, आणि विमानतळावर लोकांना त्यापायी अटकही झाली आहे. परदेशातून आणताना नुसते ऐकणारे यंत्र आणि बोलणारे यंत्र यांतला भेद दुकानदाराला स्पष्ट विचारा.

शेवटी परीक्षा. दुकानदाराच्या परवानगीने यंत्र बाहेर न्या. दारापाशी ‘ही जागा लक्षात ठेव’ अशी खूण करा, झाडाखालून शे-दोनशे पावले चालून जा, आणि मग त्यालाच परतीची वाट विचारा. दारापाशी सरळ आणून सोडले, तर यंत्र कामाचे. कारण रानात सगळ्यात मोलाचे ठिकाण डब्याचे नसते. जिथे गाडी उभी केली, जिथून वाट सोडली, ते ठिकाण सर्वांत मोलाचे. खेळ सुरू करण्यापूर्वी त्याची खूण करण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा. डबा नाही सापडला, तर उद्या पुन्हा शोधता येईल. संध्याकाळी परतीची वाट मात्र सापडलीच पाहिजे.