घरांतील वस्तू आणि गांवोगांवचीं नांवें

सूप हें महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं सूपच आहे. कोंकणांत भात पाखडणारी बाई असो, सोलापुराकडे ज्वारी पाखडणारी असो कीं भंडाऱ्याकडे धान पाखडणारी असो, तिच्या हातांतील वस्तूचें नांव फारसें बदलत नाहीं. (कोंकणांतील भात तें वैनगंगेकाठीं धान, हा फरक मात्र सुपांतच दिसला.) परंतु सूप खालीं ठेवून ती झाडावयास उठली, कीं मराठीच्या वाटा फुटूं लागतात. देशावरची केरसुणी वऱ्हाडांत शिराई होते, मालवणाकडे वाढवण होते. अंगण झाडण्याचा खराटा त्याहून निराळा. तो ज्या गांवीं जें पिकतें त्याचा असतो : किनाऱ्यावर माडाच्या हिरांचा, घाटावर तुराट्यांचा.

स्वयंपाकघरांत हा प्रकार अधिकच. भाजी चिरण्याची जी विळी, तीच नागपूर-वऱ्हाडाकडे पावशी आणि दक्षिण कोंकणांत आदाळी. भाकरी परतण्याचें उलथणें मुंबई-कोंकणांत कालथा होतें व विदर्भांत सराटा. हा शेवटचा शब्द देशावरील शेतकऱ्यास चांगलाच चमत्कारिक वाटेल. कारण त्याच्या बांधावर सराटा म्हणजे गोखरूचें काटेरी तण, जें अनवाणी पायांस व मेंढरांच्या खुरांस सुखानें चालूं देत नाहीं. पाणी पिण्याचा तांब्या विदर्भांत गडवा, आणि कोल्हापुराकडे चंबू, जो कानडी चोंबूचा सख्खा सोयरा दिसतो. पुण्याकडे ‘पाण्याचें भांडें’ म्हटलें कीं हातीं फुलपात्र येतें. इतर पुष्कळ ठिकाणीं पाहुण्यास भांडें आणून दिलें, तर एवढ्या पाण्याचें करावयाचें काय, असा त्यास प्रश्न पडेल.

इतक्यापर्यंत गोष्ट मौजेची आहे. नव्या सुनेस चार दिवस अवघड जातें, मग ती दोन्ही घरचे शब्द बोलूं लागते. एका वस्तूस चार नांवें असल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. एका नांवाखालीं चार वस्तू असल्या म्हणजे मात्र होतें, आणि तें बहुधा शेतकऱ्याचेंच होतें, असें आमचें मत आहे.

मापांचेंच पाहा. दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हें कोष्टक एके काळीं घाटावरील घरोघरीं पाठ असे, व तीं मापें धान्याच्या कोठीजवळ ठेवलेलीं असत. परंतु पायलीपुढें वाट चुकते. कोठें सोळा पायल्यांचा मण, तर कोठें बाराच पायल्यांचा. जुन्या कागदपत्रांत धान्याच्या आंकड्यापुढें ‘बारुलें’ माप असें मुद्दाम लिहिलेलें आढळतें तें याचसाठीं. शिवाय शेर हा भरण्याचाही आणि तोलण्याचाही. तोलण्याच्या मणांतही एकवाक्यता नव्हती : मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, आणि बंगालचा सुमारें ८२ पौंडांचा. ज्यानें बियाण्याकरितां सावकाराकडून पायलीनें धान्य आणलें, त्यास तें कोणत्या पायलीनें फेडावयाचें हा प्रश्न शब्दकोशाचा नव्हता. त्यावर त्याचें वर्षाचें पोट अवलंबून असे.

मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ सालीं झाला व १९५८ पासून तो टप्प्याटप्प्यानें अंमलांत आला. तरी जुने शब्द गेले नाहींत. कापसाच्या बाजारांत रुईचा भाव आजही खंडीवर निघतो. ही खंडी वीस मणांची नव्हे. मुंबईच्या २८ पौंडी मणाचे २८ मण, म्हणजे ७८४ पौंड, अर्थात् सुमारें ३५६ किलो, अशी ती आहे. आपण विकतों तो सरकीसह कापूस, क्विंटलवर. बातमींत वाचतों तो भाव सरकी काढलेल्या रुईचा, खंडीवर. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून जो हिशेब मांडील, तो फसल्याशिवाय राहणार नाहीं.

धान्य सांठविण्याच्या साधनांत गोष्ट आणखी निराळी. येथें नांव बदललें कीं बहुधा वस्तूही बदलते. कणगी ही बांबूची अथवा काठ्यांची विणलेली व शेणमातीनें लिंपलेली. बळद भिंतीस लागून बांधलेलें. कोंकणांतील मुडा हा भाताच्या पेंढ्यानें व त्याच्याच दोरीनें आवळलेला. पेंव तर जमिनीच्या पोटांतच. सांगलीजवळील हरिपूरचीं हळदीचीं पेंवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या महापुरांत त्यांत पाणी शिरून मोठी हानि झाली. कोरड्या, उंचवट्याच्या व मुरमाड जमिनींत जें साधन उत्तम, तें कोंकणच्या पावसांत निरुपयोगी होय. ज्या गांवीं पेंव हा शब्द घरचा आहे, तेथें हेंही ठाऊक असतें कीं पेंवाचें तोंड उघडल्यावर आंत लगेच उतरूं नये. कोंडलेल्या हवेंत माणूस गुदमरून मरतो. शब्द दुसऱ्या मुलुखांत नेतांना एवढी माहिती त्याच्याबरोबर गेली पाहिजे.

म्हणून शेतकऱ्यांकरितां लिहिणारांस आमची सूचना आहे, कीं वस्तूचें एकच नांव देऊन थांबूं नये. ती कशाची, केवढी व कशासाठीं हें एका वाक्यांत सांगावें. फवारणीच्या औषधाविषयीं तर ‘एक भांडें पाण्यांत दोन झांकणें’ असें कोणी सांगितलें, तरी तें ऐकूं नये. भांडें गांवागणिक बदलतें, झांकण बाटलीगणिक. मिलिलिटर व लिटर यांखेरीज दुसरी भाषा तेथें नको, आणि मोजण्याचें पात्र स्वयंपाकघरांतील तर मुळींच नको.

हे शब्द जमविण्याचें काम पूर्वीं झालेलें नाहीं असें नाहीं. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ चा. ग्रीअर्सननें १८८५ सालीं बिहारच्या शेतकऱ्याच्या घरांतील व शेतांतील वस्तूंवर एक सबंध ग्रंथच लिहिला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें मराठी बोलींची पाहणी हातीं घेतली. परंतु कोंकणांतील भात भरडण्याचें घिरट आज किती घरीं उरलें आहे? वस्तू माळ्यावर गेली कीं तिचें नांव फार तर घरांतील वृद्ध बायकांच्या तोंडीं राहतें.

तेव्हां ज्या वाचकांच्या घरीं अशीं साधनें असतील त्यांनीं तीं उतरवून, घरांतील वडील माणसांस विचारून, नांव, गांव व तालुका यांसह टिपून ठेवावीं. जुनें माप असल्यास त्याच्या तोंडाची रुंदी व आंतील खोली सेंटिमीटरांत लिहावी, आणि त्यांत सपाट भरलेलें धान्य तराजूवर घालून वजन पाहावें. त्याच मापांत ज्वारीचें वजन वेगळें भरतें व भाताचें वेगळें. म्हणून धान्याचें नांव लिहिण्यास विसरूं नये.