हिच्या स्कूटरचं काय करायचं?

बदलीची ऑर्डर आली की घरात एकच धांदल उडते. मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचे कार्ड, फ्रिज, कपाट, देवघर, सगळ्यांच्या याद्या होतात. आणि यादीच्या अगदी शेवटी कुणीतरी विचारतं, "हिच्या स्कूटरचं काय करायचं?" बऱ्याच घरांत याचं उत्तर तयारच असतं. "विकून टाकू. तिकडे गेल्यावर बघू." मैत्रिणींनो, 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको! यजमानांची मोटारसायकल मात्र न विचारता ट्रकमध्ये चढते.

लहान गावात स्कूटर ही चैनीची वस्तू नसते. भाजी, दळण, मुलांची शिकवणी, सासूबाईंचा दवाखाना, बचत गटाचा बँकेतला भरणा, सगळं त्या दोन चाकांवर चालतं. नवीन गावात तर ओळखीचं कुणी नसतं आणि रिक्षा स्टँड कुठे तेही माहीत नसतं. नेमक्या त्या पहिल्या सहा महिन्यांत हाताशी गाडी नसेल, तर बाई घरातच अडकते. म्हणून स्कूटर न्यायची की नाही, हा प्रश्न भाड्याच्या आकड्यावर संपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यायची ठरली, की पुढचा प्रश्न येतो. पॅकर्सवाला फोनवर दोन भाव सांगतो. उघड्या ट्रकमधून न्यायची तर इतके, आणि बंद कंटेनरमधून न्यायची तर त्याहून बरेच जास्त. वर म्हणतो, "ताई, कंटेनरच घ्या, एक ओरखडा येणार नाही." हे जादा पैसे द्यावेत का? बंद पेटी आपलं नक्की कशापासून रक्षण करते, ते आधी समजून घेतलं तर निर्णय सोपा होतो.

उघड्या हौद्यात गाडीला पाऊस लागतो, धूळ बसते, पुढच्या वाहनाच्या चाकाखालचे खडे उडून लागतात. रात्री ट्रक धाब्यावर थांबला की आरसा, हेल्मेट, डिकीतल्या वस्तू यांवर कुणाचाही हात पडू शकतो. ताडपत्री टाकली म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं. पण सैल बांधलेली ताडपत्री वाऱ्याने रात्रभर फडफडते, तिच्याखाली धूळ जाते आणि रंगावर पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. बंद कंटेनर या सगळ्यापासून वाचवतो. पाऊस, धूळ, खडे, परके हात आणि परक्या नजरा सगळं बाहेर राहतं.

पण आतलं काय? स्कूटर कशी बांधली आहे, तिच्या शेजारी कोणाचं कपाट उभं केलं आहे, घाटातल्या वळणावर ते कपाट कुठे कलणार आहे, याच्याशी कंटेनरच्या भिंतीचा काही संबंध नाही. शिवाय दार बंद झालं की आत काय चाललंय ते ड्रायव्हरलाही दिसत नाही. उघड्या हौद्यातली सुटलेली दोरी चहाला थांबल्यावर निदान त्याच्या लक्षात तरी येते.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. एका स्कूटरसाठी अख्खा कंटेनर कुणी पाठवत नाही. चार घरांचं सामान आणि पाच-सहा गाड्या जमल्या की तो सुटतो. तोवर आपली गाडी गोडाऊनमध्ये उभी राहते. पुढे मोठ्या शहरात ती उतरवतात, दुसऱ्या वाहनात चढवतात, आणि आपल्या गावच्या गल्लीत कंटेनर शिरत नाही म्हणून शेवटचा टप्पा छोट्या हत्तीतून होतो. म्हणजे एका प्रवासात दोन-तीनदा चढ-उतार. गाडीची मोडतोड रस्त्यावर होते त्याहून जास्त फळीवरून चढवता-उतरवताना होते. आपल्याच घरच्या सामानाबरोबर, एकाच ट्रकमधून, आपल्या दारातून नव्या दारापर्यंत गेलेली स्कूटर उघड्यावरूनही सुखरूप पोहोचू शकते. तीन वाहनं बदलत बंद पेटीतून गेलेली गाडी आरसा मोडून येऊ शकते.

कोकण रेल्वेचं उदाहरण बघा. मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून नेण्याची रो-रो सेवा तिने १९९९ मध्ये सुरू केली. २०२५ च्या गणेशोत्सवात हीच सोय खासगी मोटारींसाठी कोलाड ते वेर्णा अशी करण्यात आली. एका मोटारीचं भाडं होतं ७,८७५ रुपये, आणि माणसांनी बसायचं रेल्वेच्या डब्यात. भर पावसाळ्याचे दिवस आणि वर छप्पर नाही! तरी हे चालतं, कारण मोटार स्वतःच्या चाकांवर एकदा चढते आणि एकदा उतरते. मध्ये उचल-ठेव नाही. म्हणून कोणत्याही ट्रान्सपोर्टवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, "माझी गाडी वाटेत किती वेळा उतरणार?"

आता बांधणीबद्दल. स्कूटर साइड स्टँडवर उभी करून बांधू देऊ नका. दोन्ही चाकं जमिनीवर, पुढचं चाक भिंतीला किंवा ठोकळ्याला टेकलेलं, आणि रुंद पट्टे दोन्ही बाजूंना सारखे ताणलेले, अशी गाडी उभी राहिली पाहिजे. पट्टे ताणल्यावर शॉकॲब्सॉर्बर थोडे दबले पाहिजेत, म्हणजे खड्ड्यात गाडी उसळत नाही. पट्टा लोखंडी भागाला बांधावा, प्लास्टिकच्या पत्र्याला किंवा आरशाला नाही. बारीक नायलॉनची दोरी रंग कापते. ती वापरणार असतील तर दोरी टेकते त्या प्रत्येक जागी गोणपाटाची घडी ठेवायला लावा. घरात जुन्या गोधड्या असतातच. त्यातली एक या कामी आली तर आजी रागावणार नाही!

पेट्रोल काढून टाकायचं, हा नियम बंद कंटेनरला तर दुप्पट लागू आहे. बंद जागेत पेट्रोलची वाफ साठली तर धोका सगळ्यांच्याच सामानाला. गाडी धुऊन, पूर्ण वाळवून द्या. ओली गाडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून चार दिवस बंद पेटीत राहिली तर नट-बोल्टला गंज धरतो. डिकी रिकामी करा, मूळ कागदपत्रं स्वतःजवळ ठेवा. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर बॅटरीसकट नेतात का, हे भाव ठरवण्याआधीच विचारून घ्या.

रेल्वेचा मार्ग आपल्या बायका विसरतात. रेल्वेचा सामानाचा डबा हा आपोआपच बंद डबा असतो. आपल्या प्रवासाच्या तिकिटावर गाडी लगेज म्हणून पाठवता येते, तिकीट नसेल तर पार्सल म्हणून. आरसी बुकाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते, पेट्रोलची टाकी रिकामी लागते, गाडी नीट पॅक केलेली लागते आणि तिच्यावर नाव व स्टेशन ठळक लिहिलेलं लागतं. मात्र गाडी दोनच मिनिटं थांबते अशा छोट्या स्टेशनवर स्कूटर चढवता येत नाही. मोठ्या स्टेशनपर्यंत ती आपणच न्यायची. पोहोचल्यावर वेळेत सोडवली नाही तर जागेचं भाडं चढतं. आणि एक महत्त्वाचं: बुकिंग करताना गाडीची किंमत जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरला नसेल, तर नुकसान झाल्यावर रेल्वेची जबाबदारी ठरावीक मर्यादेपुरतीच राहते.

विम्याबद्दल तर प्रत्येकीने आपली पॉलिसी एकदा वाचावीच. ज्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, त्या पॉलिसीत गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेली जात असताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. फक्त 'थर्ड पार्टी' असेल तर यातलं काहीच मिळत नाही. पण फुल इन्शुरन्स असला तरी साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते, आणि आजकालच्या स्कूटरला बाहेरून प्लास्टिकच जास्त! शिवाय क्लेम केला की पुढच्या वर्षीची बोनसची सूट जाते. म्हणून छोट्या ओरखड्यांसाठी विम्यावर विसंबू नये. मोठं नुकसान झालं तर मात्र हा आधार मोठा आहे. निघण्याआधी पॉलिसीची मुदत तपासा.

आता पैशाचा हिशेब. समजा, तुमच्या स्कूटरला आज बाजारात २५ हजार रुपये येतील. समजा, उघड्या ट्रकचा भाव ४ हजार आणि बंद कंटेनरचा ७ हजार सांगितला. मधले ३ हजार कशासाठी द्यायचे? सात वर्षं वापरलेली, आधीच दोन-चार ओरखडे असलेली गाडी उन्हाळ्यात सोलापूरहून लातूरला न्यायची असेल, तर ते ३ हजार वाचवा. त्यातले थोडे चांगल्या बांधणीला आणि पोहोचल्यावर सर्व्हिसिंगला घाला. पण नागपूरहून जुलैत रत्नागिरीला जायचं असेल, वाटेत रात्रीचे मुक्काम असतील, गाडी नवी असेल किंवा तिचे हप्ते अजून फिटायचे असतील, तर बंद कंटेनरचे पैसे वाया जात नाहीत. पाऊस, लांबचा पल्ला, वाटेतले मुक्काम आणि गाडीची किंमत, या चारपैकी दोन गोष्टी तुमच्या बाजूला असतील तर कंटेनर घ्या.

हौसेच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. मुलाने जपलेली बुलेट किंवा लेकीने लडाखच्या सहलीसाठी सजवलेली बाईक हजार-दीड हजार किलोमीटर पाठवायची, तर तिथे रंगाची आणि क्रोमची किंमत मोठी असते. अमेरिकेत असल्या हौसेच्या बाईक घरच्या मोटारीमागे ट्रेलर जोडून नेतात, आणि बंद ट्रेलर विकत घ्यावा की उघडाच पुरे, हा तिथे घरोघरचा वाद असतो. बंद ट्रेलर जड, त्याला वारा अडतो, पेट्रोल जास्त लागतं आणि वर्षभर उभा करायला जागा लागते. वर्षातून दोनदा वापरणाऱ्याला तो परवडत नाही. कुलूपबंद खोलीसारखा जो रोज वापरतो त्याला परवडतो. देश कुठलाही असो, बायकांना हा हिशेब नवा नाही. मोठं पातेलं विकत घ्यायचं की मंडळाकडून भाड्याने आणायचं, हे आपण दर कार्याला ठरवतोच की.

ट्रान्सपोर्टवाला निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. आमच्या महिला मंडळातल्या एका शिक्षिकेच्या बाबतीत घडलेली गोष्ट. फोनवर सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याला तिने काम दिलं. सामान आणि स्कूटर निघाली, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "वजन जास्त भरलंय, आणखी आठ हजार टाका, नाहीतर गाडी उतरणार नाही." तिच्याकडे कागद म्हणून होता तो फक्त मोबाइलवरचा मेसेज. शेवटी पैसे भरून तिने सामान सोडवलं. आणि कंटेनरचं ठरलं असताना स्कूटर आली होती उघड्या टेम्पोतून!

म्हणून बिल्टी घेतल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. बिल्टीवर ट्रान्सपोर्टचं नाव-पत्ता, वाहन बंद की उघडं, गाडीचा नंबर, तिची किंमत, एकूण भाडं आणि पोहोचण्याची तारीख लिहून घ्या. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. मालाची किंमत मांडून जादा जोखमीचा दर भरलेला नसेल तर त्यांचीही भरपाई मर्यादित राहते. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. गाडी सोपवताना चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडाही फोटोत घ्या. उतरवून घेताना हमालांसमोरच गाडी बघा आणि काही मोडलं असेल तर तसं लिहूनच सही करा. "ताई, उशीर होतोय" म्हणून कुणी कितीही घाई केली तरी!

नव्या गावात पोहोचलात की कागदांचं काम राहतं. पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी लागते. ती निघण्यापूर्वीच काढलेली बरी, नाहीतर एका कागदासाठी परत प्रवास. कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्रही लागतं. केंद्र किंवा राज्य सरकारी नोकरीत आणि सैन्यात असलेल्यांसाठी २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा नंबर मिळतो. वारंवार राज्य बदलावं लागणाऱ्या कुटुंबांनी त्याची चौकशी जरूर करावी.

हे सगळं वाचून वाटेल, केवढा हा उपद्व्याप! पण फ्रिजसाठी आपण एवढं करतोच ना? खोका जपून ठेवतो, उभाच न्यायचा म्हणून हमालाच्या मागे लागतो. स्कूटर तर आपल्याला घराबाहेर घेऊन जाते. पुढच्या वेळी बदलीची यादी कराल तेव्हा तिचं नाव शेवटी टाकू नका, पहिल्या पाचांत लिहा. कंटेनर घ्यायचा की उघडा ट्रक, ते पाऊस आणि पल्ला बघून ठरवता येईल. पण ती येणार आहे, हे आधी ठरू द्या.