पॅलिओवाल्यानं पेल्यात काय घ्यावं?

परमिट रूममध्ये टेकल्या टेकल्या वेटर न मागता दोन बशा आणून ठेवतो. एकीत खारे शेंगदाणे, दुसरीत तळलेली चणाडाळ. मागोमाग कांदा-टोमॅटो पेरलेला मसाला पापड येतो. पॅलिओ आहार पाळणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, डाळ तर डाळच आणि पापड उडदाचा. यातलं काहीच त्याला चालत नाही. मग मेन्यूकार्ड उघडलं की बिअर जवाची, रम उसाच्या मळीची, व्होडका बहुधा धान्याची. पोळी, भात, वरण, दूध आणि साखर एवढं सगळं ज्यानं सोडलं, त्यानं प्यायला मागवायचं तरी काय?

पॅलिओ म्हणजे शेतीपूर्व माणसाचा आहार. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंदमुळं आणि कठीण कवचाची फळं एवढंच खायचं. धान्य, कडधान्य, दूधदुभतं, साखर आणि कारखान्यात तयार झालेले पदार्थ टाळायचे. या विचाराला वैद्यकीय जगात वजन आलं ते १९८५ मध्ये. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा अश्मयुगीन पोषणावरचा लेख त्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. पुढे २००२ मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक लॉरेन कॉर्डेन यांचं 'द पॅलिओ डाएट' आलं आणि हा आहार जिमपासून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. शेतीला उणीपुरी दहा-बारा हजार वर्षं झाली, शरीराची घडण मात्र त्याहून कितीतरी जुनी, असा त्यामागचा युक्तिवाद आहे.

या कसोटीवर दारू सरळच बाद व्हायला हवी. पण पॅलिओच्या पुरस्कर्त्यांमध्येच त्यावर एकमत नाही. कॉर्डेन यांनी कधीमधी, बेतानं घेतलेल्या मद्याला मोकळीक दिली. शिस्त ८५ टक्के पाळा, आठवड्याची तीन जेवणं मोकळी ठेवा, असा त्यांचा हिशेब. 'होल थर्टी' ही तीस दिवसांची पद्धत २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यात महिनाभर दारूला पूर्ण बंदी आहे. रॉब वुल्फ हे पॅलिओचे दुसरे मोठे प्रचारक. त्यांनी टकिला, लिंबाचा रस आणि साधा सोडा एवढ्यावरच भागणारं पेय लोकप्रिय केलं. 'नॉर्कॅल मार्गारिटा' या नावानं ते पॅलिओ मंडळींत ओळखलं जातं. नेहमीच्या मार्गारिटातलं गोड लिकर आणि साखरेचा पाक त्यात नसतो.

अश्मयुगातला माणूस दारू पीत होता का? गाळलेली दारू त्याच्यापाशी नव्हती, कारण ऊर्ध्वपातनाची कला शेतीनंतरही हजारो वर्षांनी आली. पण अल्कोहोलशी आपल्या कुळाची ओळख माणसाहूनही जुनी आहे. बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट डडली गेली दोन दशकं हा धागा उकलत आहेत. अतिपिकलेल्या फळांवर यीस्ट वाढतं, साखरेचं अल्कोहोल होतं, त्याचा वास दूरवर जातो आणि त्या वासावर फळं शोधणाऱ्या वानरांना भरपेट खायला मिळतं, असं त्यांचं म्हणणं. त्याला जनुकांची साक्षही मिळाली. अल्कोहोल फोडणाऱ्या एका विकरात साधारण एक कोटी वर्षांपूर्वी असा बदल झाला की ते पूर्वीपेक्षा सुमारे चाळीस पट प्रभावी ठरलं. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजातली ही गोष्ट. आपले पूर्वज झाडावरून जमिनीवर जास्त वावरू लागले आणि खाली पडलेली, आंबू लागलेली फळं खाऊ लागले, त्या काळाशी तिचा मेळ बसतो.

पनामातली कोळीमाकडं आवडीनं खातात त्या एका फळाच्या गरात एक ते दोन टक्के अल्कोहोल आढळलं. हे फळ कोकणातल्या आंबाड्याच्या जवळच्या नात्यातलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात बोसू नावाचं गाव आहे. तिथले गावकरी राफिया माडाला भांडी लावून ताडीसारखा रस गोळा करतात आणि चिंपांझी पानं चघळून त्यांचा बोळा करतात, तो भांड्यात बुडवून रस पितात. सतरा वर्षांच्या निरीक्षणांवरचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या रसात सरासरी ३.१ टक्के अल्कोहोल होतं.

म्हणजे पूर्वजांच्या वाट्याला अल्कोहोल येत होतं ते फळाच्या गराबरोबर, पाण्याबरोबर, हंगामापुरतं आणि अगदी पातळ. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की त्या अनुभवात बसत नाही.

तरीही निवड करायचीच असेल, तर पॅलिओची चाळणी काही बाबतींत खरंच उपयोगी पडते. सगळ्यात आधी बाहेर पडते ती बिअर. तिचा पाया जव किंवा गहू. धान्यातलं ग्लुटेन तिच्यात उतरतं आणि न आंबलेली पिष्टमय द्रव्यंही उरतात. ६५० मिलीच्या बाटलीत ती वीस-पंचवीस ग्रॅम भरतात, जवळजवळ एका पोळीइतकी.

गाळलेल्या दारूचं गणित वेगळं. भट्टीत वाफ होऊन वर जातं ते अल्कोहोल, पाणी आणि थोडी सुगंधी द्रव्यं. प्रथिनं आणि साखर मागेच राहतात. म्हणून शुद्ध व्होडका, जिन किंवा व्हिस्की मुळात धान्याची असली तरी पेल्यात धान्याचं फारसं काही उरत नाही. भारतात तर गंमत अशी की 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक ब्रँडमध्ये मोठा वाटा उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा असतो, आणि युरोपीय संघ तिला व्हिस्की मानत नाही. टकिलाची बाटली घेतानाही लेबल वाचावं. 'शंभर टक्के अगाव्हे' असं लिहिलेलं नसेल, तर तिच्यातली जवळपास निम्मी साखर उसाची किंवा मक्याची असू शकते. अगाव्हे म्हणजे आपली घायपात. तिच्यापासून गाळलेली दारू आता भारतातही बनते.

वाइनला पॅलिओ मंडळींत मान मोठा, कारण ती द्राक्षाची. पण वाइन-वाइनमध्ये फरक आहे. कोरड्या, म्हणजे ड्राय, वाइनमध्ये लीटरमागे चार ग्रॅमच्या आतबाहेरच साखर उरते. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांक किंवा शिराझच्या कोरड्या बाटल्या या यादीत बसतात. लेट हार्वेस्ट किंवा गोव्यात स्वस्तात मिळणारी 'पोर्ट' मात्र चांगलीच गोड. पुण्याजवळ २०१८ पासून मीड, म्हणजे मधाची वाइन, बनू लागली आहे. कागदावर ती पक्की पॅलिओ, कारण मध गोळा करणं शेतीहून जुनं. प्रत्यक्षात बाटलीतल्या काही मीड गोड ठेवलेल्या असतात, तेव्हा लेबल इथंही वाचायचं.

गोव्याची काजू फेणी या चाळणीतून फार डौलानं पार होते. झाडावरची बोंडं तोडत नाहीत. पिकून आपोआप गळालेलीच वेचतात. ती चेचून निघणारा गोड रस म्हणजे नीरो. बाहेरचं यीस्ट न घालता तो दोन-तीन दिवस आंबू देतात आणि मग भट्टीवर चढवतात. पहिल्यांदा गाळलं की हलकी उर्राक मिळते, साधारण पंधरा टक्क्यांची, आणि ती पुन्हा गाळली की फेणी. धान्य नाही, वरून साखर नाही. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण काजूचं झाड गोव्यात आणलं पोर्तुगीजांनी, ब्राझीलमधून, सोळाव्या शतकात. 'पूर्वजांचं पेय' म्हणून फेणीकडे बघणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं.

महाराष्ट्रात खऱ्या अर्थानं वेचून आणलेलं, नांगराशिवायचं पीक म्हणजे मोह. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारच्या जंगलांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची पिवळट, रसदार फुलं टपटपतात आणि घरंच्या घरं टोपल्या घेऊन वेचायला निघतात. फुलं उन्हात वाळवली की वर्षभर टिकतात. भाजून खातात, त्यांचे लाडू करतात आणि भिजवून, आंबवून दारूही गाळतात. पॅलिओच्या व्याख्येत याहून चपखल काय बसणार? पण याच गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, विशेषतः बायांनी, आंदोलन करून मिळवली. जंगलातल्या फुलाची दारूही घर बुडवते, हे त्यांनी रोज पाहिलं होतं.

इथं मूळ मुद्द्याला हात घालायला हवा. दारू कशापासून बनली हे जीभ आणि लेबल बघतं. यकृत बघतं ते अल्कोहोलचे ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या तीस मिली दारूत, मग ती फेणी असो, टकिला असो की रम, साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. तेरा टक्क्यांच्या दीडशे मिली वाइनमध्ये पंधरा ग्रॅम. आठ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत तब्बल ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. 'मी फक्त एक बिअर घेतली' म्हणणाऱ्यानं हा आकडा जरूर लिहून ठेवावा. एका ग्रॅम अल्कोहोलमधून सात कॅलरी मिळतात, साखरेच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून ते आधी जाळावं लागतं आणि तोवर चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. यकृताचा वेग तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम. साठ मिलीचा एक पेग निपटायला दोन-तीन तास जातात. वजन उतरवायला पॅलिओ धरलेल्या माणसाचं संध्याकाळचं एक टेबल आठवड्याची मेहनत कशी खातं, ते यावरून कळावं.

पॅलिओमुळे होणारा खरा फायदा दारूच्या आजूबाजूचा आहे. कोलाच्या तीनशे मिलीच्या डब्यात बत्तीसेक ग्रॅम, म्हणजे आठ चमचे साखर असते. टॉनिक वॉटर कडू लागतं, पण त्यातही साखर भरपूर. ती जागा साधा सोडा, लिंबू आणि मीठ यांनी घेतली की पेल्यातला मोठा कचरा गेला. जिन किंवा फेणीत शहाळ्याचं पाणीही चालतं, मात्र त्यातली नैसर्गिक साखर हिशेबात धरावी. चखण्याचंही तसंच. शेंगदाणे, शेव, फुटाणे, पापड बाजूला सारले तरी उकडलेली अंडी, दही न लावलेलं तंदुरी पापलेट, सुरमईचा रवा न लावलेला तुकडा, काकडी-गाजर आणि भाजलेले काजू हे सगळं उरतं. काजू हे झाडाचं कवचफळ, म्हणून पॅलिओला चालतं. जेवण कोकणी हॉटेलात असेल तर सोलकढी मागवावी. नारळाचं दूध आणि कोकम, दुधादह्याचा स्पर्श नाही.

एक धोका मात्र या आहारात वाढतो. पोटात भाकरी-भात नसला की दारू लवकर चढते. कमी पिष्टमय आहारामुळे यकृतातला साखरेचा साठा आटलेला असतो आणि अल्कोहोल यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. त्यामुळे रक्तातली साखर अचानक उतरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याला हे जिवावर बेतू शकतं. शिवाय लडखडणं, घाम येणं, बोलणं जड होणं ही लक्षणं नशेचीच समजून सोबतचे लोक दुर्लक्ष करतात. अशा माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेल्याला हात लावू नये. गरोदर स्त्रिया आणि फॅटी लिव्हरचं निदान झालेले यांनी तर अजिबातच लावू नये.

रेड वाइन हृदयाला चांगली, हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं. पण कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटातल्या, म्हणजे निश्चित कर्ककारक घटकांत घातलं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की आरोग्याला सुरक्षित म्हणावी अशी दारूची कोणतीच मात्रा नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, स्तन आणि मोठं आतडं यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. द्राक्षाची असो की मोहाची, कर्करोगाला कारण ठरणारं इथेनॉल एकच असतं.

ज्याला हे सगळं ऐकूनही बसायचंच आहे, त्याच्यासाठी व्यवहारातली वाट अशी: आधी नीट जेवावं, तीस किंवा फार तर साठ मिलीवर थांबावं, सोबत सोडा-लिंबू आणि तेवढंच साधं पाणी घ्यावं, गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी आणि दुसऱ्या दिवशी हात आखडता ठेवावा. आणि पॅलिओ नव्यानं सुरू करणाऱ्यानं पहिले तीस दिवस दारू पूर्ण बंद ठेवलेली बरी. झोप, वजन, पित्त आणि संध्याकाळची खा-खा यांत या महिन्यात झालेला फरक डायरीत लिहिला, तर आहारानं किती काम केलं आणि दारू सुटल्यानं किती, याचा अंदाज एकतिसाव्या दिवसानंतर पुन्हा एखादा पेला घेतल्यावर हातात येतो.