कथामालेंतील अपेक्षाभंग

एखाद्या अद्भुतकथेचीं तीन पुस्तकें आवडीनें वाचावीं, त्यांतील नायक घरचाच वाटूं लागावा, आणि चौथें पुस्तक मोठ्या उत्कंठेनें उघडतांच मन खट्टू व्हावें, असा अनुभव पुष्कळ वाचकांस येतो. आम्हांसही तो आला. अशा वेळीं दोष कोणाचा मानावा, याचा येथें थोडा विचार करूं.

अर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेची ‘अर्थसी’ ही कथामाला प्रसिद्ध आहे. तिचीं पहिलीं तीन पुस्तकें १९६८, १९७१ व १९७२ या सालीं निघालीं. गेड नांवाचा, शेळ्या राखणारा एक मुलगा मंत्रविद्या शिकतो. तेनार नांवाच्या तरुण पुजारिणीस थडग्यांच्या अंधारांतून बाहेर काढतो. आणि अखेरीस जीवन व मृत्यु यांच्या सीमेवर पडलेलें भगदाड बुजवून जगाचें रक्षण करितो.

चौथें पुस्तक, ‘तेहानू’, निघालें तें अठरा वर्षांनीं, १९९० सालीं. गेडचे नवे पराक्रम वाचावयास मिळतील या आशेनें आम्हीं तें हातीं घेतलें. तेथें काय आढळलें? गेडची विद्या समूळ गेलेली; राजाचे दूत येतांच तो लाजेनें डोंगरांत निघून जातो व पुन्हां शेळ्या राखूं लागतो. कथा मुख्यतः तेनारची आहे. ती आतां एका शेतकऱ्याची विधवा असून, निर्दय माणसांनीं आगींत लोटलेल्या एका मुलीस सांभाळीत आहे. समुद्रावरील लांबच्या सफरी नाहींत. घरकाम व शेतकाम मात्र पुष्कळ. आम्हीं पुस्तक अर्ध्यावर मिटून ठेविलें.

कांहीं महिन्यांनीं तें पुन्हां उघडलें, तेव्हां ध्यानांत आलें कीं, गेडची शक्ति या पुस्तकानें हिरावून घेतलेली नव्हती. तिसऱ्याच्या शेवटीं, तें भगदाड बुजवितांना, ती खर्ची पडली होती. विजयाच्या आनंदांत आम्ही ती किंमत विसरलों. लेखिका विसरली नव्हती. शिवाय मधल्या काळांत तिची दृष्टि पालटली होती. पूर्वीं थोरपण बहुधा पुरुषांकडे होतें. आतां तिनें तेंच जग घर चालविणाऱ्या स्त्रीच्या नजरेनें पाहिलें.

तात्पर्य, अपेक्षाभंग दोन प्रकारचा असतो. लेखक स्वतःच पूर्वीं सांगितलेलें मोडतो, पात्रें कारणावांचून बदलतात, किंवा कथा उगाच लांबविली जाते, तेथें वाचकाची तक्रार रास्त होय. परंतु लेखक आपल्या कथेशीं इमानी राहतो आणि केवळ आमची इच्छा पुरी होत नाहीं, तेथें दोष पुस्तकाचा नव्हे. ‘तेहानू’ बव्हंशीं दुसऱ्या प्रकारांत येतें. तें निर्दोष आहे असें नाहीं. शेवटीं ड्रॅगन येऊन संकट क्षणांत दूर करतो, हें आम्हांस आजही घाईचें वाटतें. त्यांतील क्रौर्य पाहतां तें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनींच वाचावें, हेंही सांगणें अवश्य आहे.

विद्यार्थिमित्रहो, एखादें पुढील पुस्तक आवडलें नाहीं, तर तें टाकण्यापूर्वीं मागील पुस्तकाचीं अखेरचीं पानें एकदां चाळून पाहा. आणि पालकांनींही, मूल रुसून पुस्तक मिटूं लागलें तर, “तुला यांत काय हवें होतें?” असें त्यास प्रेमानें विचारावें. त्या उत्तरांतून पुस्तकाची पारख होईल, व मुलाच्या मनाचीही थोडी ओळख होईल.