इने : जिथे तळमजल्यावर होडी राहते



जपान म्हटलं की टोकियोची गर्दी आणि बुलेट ट्रेन आठवते. पण नवरा-बायको दोघांनाच दोन दिवस निवांत राहायचं असेल, तर कुठे जावं? आज अशाच एका छोट्या गावाची ओळख करून घेऊ. गावाचं नाव इने.

इने कुठे आहे?
क्योतो प्रांताच्या उत्तरेला, तांगो द्वीपकल्पावर, जपानच्या समुद्राकाठी. इथे रेल्वे येत नाही. आमानोहाशिदातेपर्यंत रेल्वेने जायचं आणि पुढे बसने साधारण तासभर. म्हणजे घाई असलेल्यांचं हे गाव नव्हेच!

फुनाया म्हणजे काय?
'फुने' म्हणजे होडी आणि 'या' म्हणजे घर. उपसागराच्या काठाने अशी सुमारे 230 घरं अगदी पाण्याला लागून उभी आहेत. तळमजल्याची जमीन समुद्राकडे उतरती असते, होडी थेट आत ओढून घेता येते. वरच्या मजल्यावर पूर्वी जाळी आणि मासेमारीचं सामान ठेवत. कुटुंबाचं मुख्य घर बहुधा रस्त्याच्या पलीकडे असतं. 2005 साली या वस्तीला राष्ट्रीय पातळीवर संरक्षण मिळालं.

मग समुद्र घरात शिरत नाही का?
मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. कारणं तीन. एक, उपसागराच्या तिन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि तोंड दक्षिणेला आहे, त्यामुळे उत्तरेकडच्या खुल्या समुद्राच्या लाटा थेट येत नाहीत. दोन, तोंडाशीच आओशिमा नावाचं बेट आहे, ते लाटा अडवतं. तीन, जपानच्या समुद्रात भरती-ओहोटीतला फरक फार कमी, इथे जेमतेम अर्धा मीटर. आपल्या मुंबईत मोठ्या उधाणाला हाच फरक चार मीटरच्या वर जातो. तिथे असं घर बांधलं तर काय होईल, ते मुलांनाच सांगू द्या.

दोघांनी तिथे करायचं काय?
खरं सांगायचं तर, फारसं काही नाही! काही फुनायांमध्ये आता मुक्कामाची सोय आहे, पण जागा मोजक्याच. म्हणून राहण्या-जेवणाचं आधीच ठरवा. सुमारे पंचवीस मिनिटांची बोटीची फेरी करा, ताजी मासळी खा, संध्याकाळी खिडकीत बसून पाणी बघा. बस्स.

एक गोष्ट मात्र विसरू नका
इने हे काही संग्रहालय नाही. गावाची वस्ती साधारण 2000, आणि तीही घटते आहे. बहुतेक फुनाया लोकांच्या खाजगी मालकीच्या आहेत. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरणं, न विचारता फोटो काढणं, रात्री मोठ्याने बोलणं या गोष्टींचा गावकऱ्यांना त्रास होतो. आपल्या अंगणात कुणी असं केलं तर चालेल का आपल्याला? कुणाच्या घरात पाऊल टाकताना जपानी माणूस म्हणतो, "ओजामा शिमासु", म्हणजे 'तुम्हाला जरा त्रास देतोय'. पाहुणा कसा असावा, ते या दोन शब्दांत आलं. शिवाय धावतपळत फोटो काढून परतण्यापेक्षा एक रात्र राहिलात, तर गावातल्या माणसांच्या हाती चार पैसेही पडतात.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना फुनायाचं बाजूने कापल्यासारखं चित्र काढायला सांगा. त्यात समुद्र, उतरती जमीन, होडी, वरचा मजला आणि मागचा रस्ता दाखवायचा. पाण्याची रेघ कुठे काढायची, यावर वर्गात छान वाद होऊ द्या!