इंजिन फिरते, पण पेट्रोल चढत नाही

अम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी आमच्या पारशिवनीकडे जुनी गाडी जपणारी माणसे आहेत. मीही त्यातलाच. गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकूंना नागपूरच्या दवाखान्यात नेताना माझी गाडी कन्हानच्या अलीकडे आचके देत बंद पडली. काकूंना दुसऱ्या गाडीने पाठवावे लागले. एका मिस्त्रीने न तपासताच नवा पंप बसवला. चार दिवसांनी पुन्हा तेच!

विहिरीवरची मोटार फिरते आणि पाणी येत नाही, तेव्हा आपण लगेच मोटार बदलतो का? आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो, सक्शन पाइप हवा ओढतो का ते पाहतो. इथेही तसेच करावे. इंजिनाला बसवलेला लहानसा पंप, ज्याला मिस्त्री एसी पंप म्हणतात, तो रबरी पडद्याच्या हालचालीने टाकीतून पेट्रोल ओढतो.

गाडी उन्हात बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर बहुधा नळीत पेट्रोलची वाफ अडली, असे समजा. पंपावर ओले फडके ठेवले की काम भागते. थंड इंजिनावरही ओढ कमी वाटली, तर मात्र तपासणी हवी.

टाकीचे झाकण उघडताना फुस्स आवाज येऊन हवा आत ओढली जात असेल, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. मग फिल्टर पाहा. त्यानंतर, इंजिन थंड असताना, कॉइलला किल्लीकडून येणारी बारीक वायर सोडवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडची नळी बाटलीत धरून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. पिचकारीसारखे जोरदार झटके यावेत. बुडबुडे आले, तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे. जवळ विडी नको, मुले नकोत.

ऑइलची कांडी काढून वास जरूर घ्या. पेट्रोलचा वास आला, तर पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आहे. अशी गाडी एक मैलही चालवू नका, बेअरिंग जातील.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच ऊस-मक्यापासून होते, त्याचा आनंद आहे. पण जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या आणि पडदा बदलताना इथेनॉल चालणारे रबर मागून घ्या.

माझ्या गाडीत काय निघाले? टाकीजवळची वीतभर रबरी नळी चिरली होती. काढलेला जुना पंप मी परत बसवला, तो आजही चालतो आहे.